फ्लटरचं ॲप ग्रेडलवर अडकतंय? सगळं काढून पुन्हा टाकण्याआधी हे तपासा

फ्लटर म्हणजे ॲप बनवायचं गूगलचं साधन. विंडोजच्या डेस्कटॉपवर किंवा लॅपटॉपवर फ्लटरचं ॲप अँड्रॉइडसाठी बिल्ड करताना (म्हणजे कोडपासून ॲप बांधताना) यातलं काही दिसतंय का, ते आधी बघा:

- टर्मिनलवर "रनिंग ग्रेडल टास्क असेंबलडीबग" ही ओळ येते आणि अर्धा तास झाला तरी तिथंच थांबलेली असते.
- "बिल्ड फेल्ड" येतं. पुन्हा चालवलं की दुसऱ्याच ठिकाणी फेल होतं.
- काल चालत होतं, कोडला हात लावलेला नाही, आज चालत नाही.
- तेच प्रोजेक्ट मित्राच्या मशीनवर चालतं, तुमच्या नाही.
- एररमध्ये झिप, सोर्स डॉट प्रॉपर्टीज, पीकेआयएक्स, मेजर व्हर्जन, हीप किंवा लॉक यांपैकी एखादा शब्द आहे.

लातूर, नांदेड, परभणीकडच्या शेवटच्या वर्षाच्या मुलामुलींची प्रोजेक्टं जानेवारीपासून माझ्याकडे यायला लागतात. कुणाचं सोयाबीनचे बाजारभाव दाखवणारं ॲप असतं, कुणाचं हॉस्टेलच्या मेसचा हिशोब ठेवणारं. विषय वेगवेगळे, अडकण्याची जागा मात्र तीच. आणि माझ्यापर्यंत येण्याआधी बहुतेकांनी एक उपाय केलेला असतो: अँड्रॉइड स्टुडिओ, एसडीके (अँड्रॉइडचा साधनसंच), फ्लटर, सगळं काढून पुन्हा इन्स्टॉल.

हा उपाय पहिला करू नका. सगळं मिळून कित्येक जीबी पुन्हा उतरवावं लागतं. रोजच्या दीड-दोन जीबी डेटावर, मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून काम करणाऱ्याचे त्यात दिवसच्या दिवस जातात. मध्येच लाईट गेली तर जुन्या अर्धवट फाइलच्या जागी नवी अर्धवट फाइल येते, म्हणजे बिघाड जिथून सुरू झाला होता तिथंच परत. म्हणून खालचा क्रम मी पैसा, डेटा आणि वेळ यांच्या हिशोबानं लावला आहे. फुकटच्या तपासण्या आधी, डेटा खाणाऱ्या नंतर.

आज्ञा, फाइली आणि एरर यांची नावं मी उच्चारानुसार लिहिली आहेत. टाइप करताना ती रोमन अक्षरांतच टाकायची.

ग्रेडल नेमकं काय करतं

तुमचा डार्ट (फ्लटरची भाषा) कोड फ्लटर स्वतः कंपाइल करतं. त्याचं ॲप बांधण्याचं काम ग्रेडलकडे असतं. ग्रेडल जावावर चालतं. प्रोजेक्टला ग्रेडलची जी आवृत्ती हवी असेल ती ते आधी नेटवरून आणतं, मग अँड्रॉइडचं प्लगइन, कोटलिन (अँड्रॉइडसाठीची एक भाषा) आणि तुमच्या पॅकेजना लागणाऱ्या लायब्रऱ्या गूगलच्या आणि मेव्हन सेंट्रलच्या साठ्यातून आणतं, गरज पडली तर एनडीकेही (सी++ कोडसाठीचा अँड्रॉइडचा साधनसंच) उतरवतं. त्यामुळं ग्रेडलवर अडकलेल्या बिल्डमध्ये दोष बहुधा तुमच्या कोडमध्ये नसतो. डाउनलोड, जावा, मेमरी किंवा फोल्डरचा पत्ता, या चारांत तो सापडतो.

आधी एरर नीट वाचा

शेवटची ओळ वाचून काही कळत नाही. "एक्झिट कोड १" म्हणजे फक्त काम झालं नाही एवढंच. वर जा आणि "व्हॉट वेन्ट राँग" असं लिहिलेला भाग शोधा. त्याखाली बाणाच्या खुणा असलेल्या ओळी एकाखाली एक आत सरकत जातात. सगळ्यात आतली ओळ हे खरं कारण. तीच गूगलवर शोधायची, तीच दुसऱ्याला पाठवायची. लाल अक्षरांच्या पहिल्या ओळीचा फोटो काढून पाठवला तर मदत करणाऱ्यालाही काही सांगता येत नाही.

काहीच एरर नसेल, नुसतं थांबलेलं असेल, तर टास्क मॅनेजर उघडून नेटवर्कचा आलेख बघा. तिथं हालचाल असेल तर डाउनलोड चालू आहे आणि टर्मिनल ते दाखवत नाही, इतकंच. अशा वेळी विंडो बंद करणं हे सगळ्यात मोठं नुकसान, कारण अर्धवट फाइल तिथंच राहते. नेटवर्क, डिस्क आणि सीपीयू तिन्ही शांत असतील तरच ते अडकलंय असं माना. पुढच्या वेळी "फ्लटर रन" च्या मागे "-व्ही" जोडा, म्हणजे काय चाललंय ते ओळीओळीनं दिसेल.

तारीख आणि वेळ

जुन्या असेंबल केलेल्या डेस्कटॉपमध्ये मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलेला असतो. लाईट जाऊन आली की घड्याळ कित्येक वर्षं मागं जातं. सुरक्षित जोडणीचं प्रमाणपत्र "अजून लागू झालेलं नाही" असं जावाला वाटतं, आणि पीकेआयएक्स किंवा "टाइमस्टॅम्प चेक फेल्ड" असा एरर येतो. ब्राउझरही कुरकुर करत असेल तर हेच कारण. तारीख दुरुस्त करा आणि सेल बदला. सेल घड्याळाच्या कुठल्याही दुकानात मिळतो.

डिस्कवर जागा

सी ड्राइव्हवर दहा-पंधरा जीबी तरी मोकळे हवेत. जागा संपली तरी ग्रेडल दर वेळी तसं स्पष्ट सांगत नाही, फाइल अर्धी लिहून थांबतं. तुमच्या यूजर फोल्डरमधल्या डॉट-ग्रेडल फोल्डरच्या आत रॅपर, त्यात डिस्ट्स असं फोल्डर आहे. तिथं जुन्या आवृत्त्या साचतात. कुठलंही प्रोजेक्ट वापरत नसलेल्या आवृत्त्या तिथून काढायला हरकत नाही.

फोल्डरचा पत्ता

मराठी मुलांच्या मशीनवर हे हमखास सापडतं. "माझे प्रोजेक्ट" नावाचं फोल्डर डेस्कटॉपवर असतं आणि त्यात ॲप. विंडोजवर अँड्रॉइडचं प्लगइन प्रोजेक्टच्या पत्त्यात रोमन सोडून दुसरी अक्षरं दिसली की बिल्ड थांबवतं आणि तसं लिहूनही देतं. ही तपासणी बंद करण्याची एक ओळ नेटवर सापडते, ती घालू नका. पुढं एनडीके किंवा एखादं दुसरं साधन त्याच पत्त्यावर अडखळतं आणि तेव्हाचा एरर कळत नाही. फोल्डरचं नाव बदला.

नावात मोकळी जागा नको, आणि पत्ता लांबलचक नको. विंडोजमध्ये पत्त्याची जुनी मर्यादा २६० अक्षरांची आहे आणि बिल्डच्या आतली फोल्डरं ती पटकन गाठतात. डेस्कटॉप फोल्डर वनड्राइव्हला जोडलेलं असेल तर सिंक चालू असताना फाइल कुलूपबंद होते. सगळ्यांवर एकच उपाय: सी ड्राइव्हच्या मुळाशी "डेव्ह" असं फोल्डर करा आणि प्रोजेक्ट तिथं ठेवा.

सी ड्राइव्हवरच, कारण प्रोजेक्ट डी ड्राइव्हवर आणि फ्लटरच्या पॅकेजचा साठा सी वर असला की कोटलिन कधी कधी "धिस अँड बेस फाइल्स हॅव डिफरंट रूट्स" म्हणून रडतं. ड्राइव्ह बदलणं शक्यच नसेल तर प्रोजेक्टच्या अँड्रॉइड फोल्डरमधल्या ग्रेडल डॉट प्रॉपर्टीजमध्ये कोटलिन डॉट इन्क्रिमेंटल ला फॉल्स करा. बिल्ड थोडं सावकाश होईल, पण होईल.

फ्लटर डॉक्टर

"फ्लटर डॉक्टर -व्ही" चालवा. ही आज्ञा सगळं नीट बसलंय का ते तपासते. लायसन्स स्वीकारलेली नाहीत असं आलं तर "फ्लटर डॉक्टर --अँड्रॉइड-लायसन्सेस" चालवून प्रत्येक वेळी वाय दाबा. कमांड-लाइन टूल्स नाहीत म्हणालं तर अँड्रॉइड स्टुडिओच्या एसडीके मॅनेजरमधून तेवढंच घ्या. जावा कुठल्या पत्त्यावरची वापरली जातेय ते याच यादीत दिसतं. तो पत्ता कागदावर लिहून ठेवा, पुढं लागणार आहे.

"फ्लटर क्लीन" सगळेच चालवतात. ते प्रोजेक्टमधलं बिल्ड फोल्डर आणि डार्ट-टूल फोल्डर पुसतं. ग्रेडलचा साठा, एसडीके, एनडीके यांना ते हातही लावत नाही. म्हणून एकदा चालवा, नंतर "फ्लटर पब गेट" करा, आणि फरक पडला नाही तर तेच पुन्हा पुन्हा करत बसू नका.

अर्धवट डाउनलोड

आपल्याकडचं मुख्य कारण हे आहे, म्हणून इथं जरा थांबून वाचा.

डाउनलोड चालू असताना लाईट गेली, हॉटस्पॉट तुटला किंवा दिवसाचा डेटा संपला की तीन ठिकाणी अर्धवट माल राहतो.

पहिलं ठिकाण ग्रेडलची झिप. एररमध्ये "झिप एंड हेडर नॉट फाउंड" किंवा "एरर इन ओपनिंग झिप फाइल" असं येतं. वर सांगितलेल्या डिस्ट्स फोल्डरमध्ये जा. तुमच्या प्रोजेक्टला हवी असलेली आवृत्ती कोणती, ते प्रोजेक्टच्या अँड्रॉइड फोल्डरमधल्या ग्रेडल-रॅपर डॉट प्रॉपर्टीजमध्ये लिहिलेलं असतं. त्या आवृत्तीच्या फोल्डरमध्ये विचित्र अक्षरांच्या नावाचं आणखी एक फोल्डर असतं. व्यवस्थित उतरलेलं असेल तर त्यात ग्रेडलचं सुटं केलेलं फोल्डर आणि ओके नावानं संपणारी छोटी फाइल असते. नुसती पार्ट आणि एलसीके नावानं संपणारी फाइल असेल तर ते अर्धवट आहे. तेवढीच आवृत्ती पुसा. पूर्ण डॉट-ग्रेडल फोल्डर पुसू नका, नाहीतर सगळ्या प्रोजेक्टांच्या लायब्रऱ्या पुन्हा उतरवाव्या लागतील.

आता डेटा कसा वाचवायचा ते. त्या विचित्र अक्षरांच्या फोल्डरचं नाव डाउनलोडच्या पत्त्यावरून ठरतं. पत्ता तोच असेल तर नाव सगळ्या मशीनवर तेच येतं. म्हणून ज्याच्याकडे चालतंय त्याच्याकडून तेच फोल्डर पेनड्राइव्हवर आणून त्याच जागी ठेवलं तरी चालतं. नाहीतर झिप कुठल्याही चांगल्या नेटवरून ब्राउझरनं उतरवून त्या फोल्डरमध्ये ठेवा आणि पार्ट फाइल काढून टाका. ग्रेडल नेटवर न जाता तीच झिप सोडवतं. रॅपरच्या पत्त्यात शेवटी "ऑल" असतं. त्यात ग्रेडलचा सोर्स आणि माहितीपुस्तिकाही येतात. ॲप बांधायला त्यांची गरज नाही. "बिन" केलं तर डाउनलोड लहान होतं. मात्र तसं केल्यावर पत्ता बदलतो, म्हणून फोल्डरचं नावही बदलतं. मित्राचं फोल्डर वापरणार असाल तर दोघांकडे पत्ता अक्षर न् अक्षर सारखा ठेवा.

दुसरं ठिकाण एनडीके. "डिड नॉट हॅव अ सोर्स डॉट प्रॉपर्टीज फाइल" असा एरर आला की दुसरं काही शोधू नका. एनडीकेचं फोल्डर तयार झालं, आतला माल आला नाही. फोल्डर आहे म्हणून ग्रेडल ते पुन्हा उतरवतही नाही. एसडीकेच्या एनडीके फोल्डरमधलं, एररमध्ये दिलेल्या आकड्याचं फोल्डर पुसा. ते बरंच मोठं डाउनलोड आहे, म्हणून पुन्हा बिल्ड चालवण्याआधी डेटा शिल्लक आहे का बघा आणि लाईटचं वेळापत्रक माहीत असेल तर त्यानुसार वेळ निवडा. विंडोजवरून विंडोजवर हेही फोल्डर पेनड्राइव्हनं आणता येतं.

तिसरं ठिकाण लायब्रऱ्यांचा साठा: डॉट-ग्रेडल, मग कॅशेस, मग मॉड्यूल्स-२. एररमध्ये ज्या लायब्ररीचं नाव आहे तिचंच फोल्डर पुसा. ग्रेडल ६.१ पासून हा साठा एका मशीनवरून दुसऱ्यावर नेता येतो. नेताना त्यातल्या लॉक नावानं संपणाऱ्या फाइली आणि जीसी डॉट प्रॉपर्टीज वगळायच्या. एका वर्गातल्या पाच-सहा जणांची प्रोजेक्टं फ्लटरच्या एकाच आवृत्तीवर असतील तर एकानं कॉलेजच्या नेटवर सगळं उतरवावं आणि बाकीच्यांनी कॉपी करावं. मी हे प्रत्येक गटाला आग्रहानं सांगतो.

लाईट गेल्यावरचा आणखी एक एरर: "टाइमआउट वेटिंग टू लॉक". जुनी जावा प्रोसेस साठा अडवून बसलेली असते. अँड्रॉइड फोल्डरमध्ये "ग्रेडलडब्ल्यू --स्टॉप" चालवा. तरी सुटलं नाही तर मशीन रीस्टार्ट करा.

लॅबचा प्रॉक्सी घरी आला

कॉलेजच्या लॅबमध्ये अँड्रॉइड स्टुडिओला प्रॉक्सी (नेटवर जाताना मध्ये असणारा सर्व्हर) दिला की तो यूजर फोल्डरमधल्या डॉट-ग्रेडलच्या आतल्या ग्रेडल डॉट प्रॉपर्टीजमध्ये लिहून ठेवला जातो. लॅपटॉप घरी आणला, हॉटस्पॉट लावला, ब्राउझर चालतो, पण ग्रेडल मात्र लॅबचाच पत्ता शोधत राहतं. त्या फाइलमध्ये प्रॉक्सीहोस्ट असलेल्या ओळी दिसल्या तर त्यांच्यापुढं हॅशची खूण लावा.

याच्या उलट, घरी चालतं आणि लॅबमध्येच पीकेआयएक्सचा एरर येतो, घड्याळही बरोबर आहे, तर लॅबचं नेटवर्क मध्ये स्वतःचं प्रमाणपत्र लावत असतं. इथं तुम्ही थांबा. लॅब सांभाळणाऱ्या सरांना किंवा मॅडमना सांगा. प्रमाणपत्राची तपासणीच बंद करणारे उपाय नेटवर मिळतात, ते करू नका.

जावाची आवृत्ती

"अनसपोर्टेड क्लास फाइल मेजर व्हर्जन" च्या पुढचा आकडा बघा. ६१ म्हणजे जावा १७, ६५ म्हणजे जावा २१. अर्थ असा की तुमचं ग्रेडल जुनं आहे आणि त्याला ही नवी जावा समजत नाही. जावा १७ वर चालायला ग्रेडल किमान ७.३ हवं, जावा २१ वर चालायला ८.५.

"काल चालत होतं, आज नाही" याचं उत्तर बरेचदा इथं असतं. फ्लटर जावा निवडताना अँड्रॉइड स्टुडिओसोबत आलेल्या जावाला जावा-होमपेक्षा (जावाचा पत्ता सांगणारी विंडोजमधली सेटिंग) आधी मान देतं. २०२४ मध्ये स्टुडिओची लेडीबग आवृत्ती आली आणि तिच्यासोबत जावा २१ आली. स्टुडिओ अपडेट केला आणि जुनी प्रोजेक्टं बंद पडली, असं त्यानंतर खूप जणांच्या बाबतीत झालं. डॉक्टरच्या यादीतून लिहून ठेवलेला पत्ता आता कामाला येतो. जावा १७ इन्स्टॉल करा आणि "फ्लटर कॉन्फिग --जेडीके-डिर" ला तिचा पत्ता द्या. जावा-होम बदलत बसलात तर काही फरक पडणार नाही, ते यामुळंच. जावा १७ पेक्षा खाली जाऊ नका. अँड्रॉइडच्या प्लगइनला ८.० आवृत्तीपासून तीच लागते.

रॅम

८ जीबी रॅमचं मशीन असेल तर प्रोजेक्टच्या अँड्रॉइड फोल्डरमधलं ग्रेडल डॉट प्रॉपर्टीज उघडा. अलीकडच्या फ्लटरनं तयार केलेल्या प्रोजेक्टमध्ये एक्सएमएक्स ८जी असं लिहिलेलं सापडेल. म्हणजे ग्रेडलला ८ जीबीपर्यंत मेमरी घ्यायची मुभा, मशीनमध्ये एकूण तेवढीच असताना. शिवाय कोटलिनची वेगळी प्रोसेस चालते, तीही हीच मर्यादा उचलते. वर क्रोम, अँड्रॉइड स्टुडिओ आणि एम्युलेटर (मशीनवर चालणारा नकली फोन). मग विंडोज डिस्कवर मेमरी ढकलायला लागतं, हार्डडिस्कचा दिवा विझत नाही, आणि "डेमन डिसअपिअर्ड अनएक्सपेक्टेडली" येतं.

आकडा २जी करा, मेटास्पेसचा आकडा १जी करा. "हीप स्पेस" कमी पडल्याचा एरर आला तर ३जी. एम्युलेटर बंद ठेवा आणि केबलनं खरा फोन जोडा. ४ जीबीच्या मशीनवर हे सगळं करूनही ओढाताणच होते. तिथं रॅम वाढवणं हाच उपाय. त्यातही हार्डडिस्कऐवजी एसएसडी टाकता आली तर फरक लगेच जाणवतो.

एप्रिल-मेमध्ये परभणी-नांदेडला पारा चाळिशीच्या पुढं असतो, तेव्हा लॅपटॉपचा सीपीयू तापून स्वतःचा वेग कमी करतो. सकाळी होणारं बिल्ड दुपारी रखडत असेल तर पंख्यातली धूळ काढून घ्या. बिल्ड पहाटे करा.

प्रोजेक्टच जुनं असेल

जुना व्हिडिओ बघून केलेलं किंवा मागच्या बॅचकडून आलेलं प्रोजेक्ट असेल तर आवृत्त्यांची एक-एक गाठ सोडवण्यात दिवस जातो. "नेमस्पेस नॉट स्पेसिफाइड" म्हणजे एखादं पॅकेज प्लगइन ८.० च्या आधीचं आहे. पब कॅशमध्ये (फ्लटरच्या पॅकेजच्या साठ्यात) शिरून ते हातानं दुरुस्त करू नका, पुढच्या वेळी ते पुसलं जाईल. "फ्लटर पब आउटडेटेड" बघून पॅकेज वाढवा. पॅकेजला नवी आवृत्तीच नसेल तर दुसरं पॅकेज शोधा. ग्रेडलच्या फाइलीत जेसेंटर (लायब्रऱ्यांचा जुना साठा) दिसलं तर त्या जागी मेव्हनसेंट्रल लिहा.

तीन-चार वर्षं जुन्या प्रोजेक्टला मी सरळ नवा सांगाडा देतो. आजच्या फ्लटरनं "फ्लटर क्रिएट" करायचं, पॅकेजचं नाव तेच ठेवायचं, लिब, ॲसेट्स आणि पबस्पेक तिकडं न्यायचं, मॅनिफेस्टमधल्या परवानग्या आणि फायरबेस असेल तर गूगल-सर्व्हिसेसची फाइल न्यायची. ॲपवर डिजिटल सही करणारी जेकेएस फाइल आणि की डॉट प्रॉपर्टीज मात्र आधी दोन ठिकाणी कॉपी करून ठेवा. जुनं फोल्डर पुसताना ती गेली तर प्ले स्टोअरवरच्या ॲपचं अपडेट अडकतं.

इथं थांबा, दुसऱ्याला बोलवा

दर वेळी वेगळी फाइल खराब निघतेय, मध्येच निळा पडदा येतो, साध्या फाइली कॉपी करतानाही एरर येतो: हा फ्लटरचा दोष नाही. रॅम किंवा डिस्क जात आहे. बिल्ड बंद करा, कोडचा बॅकअप घ्या आणि मशीन हार्डवेअरवाल्याकडे न्या. त्यानंतरचं प्रत्येक बिल्ड डिस्कवर ताण टाकतं.

आयफोनसाठी बिल्ड हवं असेल तर विंडोजवर वेळ घालवू नका. त्याला एक्सकोड लागतं आणि ते मॅकवरच चालतं. मॅक असलेला माणूस गाठा किंवा पैसे भरून क्लाउडवर बिल्ड करून घ्या.

सहीची फाइल किंवा तिचा पासवर्ड हरवला असेल तर नवी फाइल करून प्रयोग करू नका. ॲप प्लेच्या साइनिंग सेवेत असेल तर खात्याच्या मालकाला प्ले कन्सोलमधून अपलोडची किल्ली बदलून मागता येते. ते मालकानंच करायचं.

एररमध्ये सीमेक किंवा निंजा हे शब्द असतील, एनडीके पूर्ण असेल आणि दोष एखाद्या पॅकेजच्या सी++ कोडमध्ये असेल, तर सी++ येत असलेल्या डेव्हलपरकडे द्या. गिऱ्हाइकाचं चालू ॲप असेल आणि दुसऱ्या दिवशी अपडेट द्यायचं असेल तर हे सगळं वाचून रात्र काढण्यापेक्षा संध्याकाळीच अनुभवी माणसाला फोन करा.

मदत मागताना चार गोष्टी सोबत द्या: "फ्लटर डॉक्टर -व्ही" चा पूर्ण मजकूर, "-व्ही" लावून चालवलेल्या बिल्डचा मजकूर फाइलमध्ये, ग्रेडल-रॅपर डॉट प्रॉपर्टीज, आणि वरच्यापैकी काय काय करून झालं त्याची यादी. डॉक्टरच्या मजकुरात तुमच्या यूजर फोल्डरचं नाव असतं, आणि सहीचे पासवर्ड की डॉट प्रॉपर्टीजमध्ये असतात. की डॉट प्रॉपर्टीज कुणालाही पाठवू नका.